मोठे मित्र, छोटे भिडू आणि एकच टेबल: बोर्ड गेम कसा निवडायचा

बोर्ड गेमच्या खोक्याच्या कडेला तीन आकडे छापलेले असतात: किती भिडू, किती वय, किती मिनिटं. बहुतेक जण तेवढंच वाचून खेळ घेतात आणि मग पहिल्याच डावात कुणीतरी कंटाळून उठतं. आकडे खोटे नसतात, पण जास्तीत जास्त लोकांना खेळ घ्यावासा वाटावा म्हणून ते सैल ठेवलेले असतात. ते कुठे आणि किती आवळायचे हे कळलं की निवडीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खोक्यावर लिहिलेलंच नसतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी किंवा कपाट उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. किती जण बसणार, सगळ्यांत लहान भिडू किती वर्षांचा, त्याला वाचता येतं का, आणि हातात खरोखर किती वेळ आहे. खेळाचं नाव त्यानंतर. ‘हा खेळ फार गाजलाय’ इथून सुरुवात केली की पुढे माणसांना खेळात कोंबावं लागतं.

भिडू: छापलेली संख्या आणि खरी संख्या

‘२ ते ५’ लिहिलं म्हणजे दोघांतही आणि पाचांतही सारखीच मजा येते असं नाही. बहुतेक खेळांची एक नेमकी संख्या असते, बाकीच्या संख्यांना ते फक्त चालतात. ‘अझूल’ (रंगीत फरश्या उचलून नक्षी जुळवायची) दोघांत खेळला की बुद्धिबळासारखा अटीतटीचा होतो. चौघांत आपली पाळी येईपर्यंत मधल्या फरश्या इतक्या उचलल्या जातात की आधी केलेला बेत पाण्यात जातो. ‘कटान’चा (बेटावर घरं बांधून माल मिळवायचा) जीव मालाच्या देवघेवीत आहे, म्हणून मूळ खेळ तिघाचौघांचाच. ‘ब्लोकस’ चौघांसाठी बेतलेला आहे: २० बाय २० घरांचा पट आणि प्रत्येकी २१ तुकडे. तिघं असले तर चौथा रंग आळीपाळीने सगळ्यांनी खेळायचा असतो आणि तिथे हमखास वाद होतो, कारण प्रत्येक जण तो रंग दुसऱ्याची वाट अडवायलाच वापरतो. ‘कोडनेम्स’ (दोन गट, एका शब्दाच्या संकेतावरून आपल्या गटाचे शब्द ओळखायचे) चौघांत होतो, पण मग ओळखणारा एकटाच पडतो. ‘याचा अर्थ हा असेल का?’ ही कुजबुजच त्या खेळातली गंमत आहे, म्हणून सहा ते आठ जण हवेत.

दुसरा हिशेब थांबण्याचा. भिडूंच्या संख्येतून एक वजा करा आणि एका पाळीला लागणाऱ्या मिनिटांनी गुणा. पाच जण आणि पाळी दोन मिनिटांची, म्हणजे दोन पाळ्यांमध्ये आठ मिनिटं रिकामी. मोठी माणसं त्या वेळात गप्पा मारतात. सात वर्षांचा भिडू तोवर टेबलाखाली गेलेला असतो. माणसं जास्त असतील तर सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात असा खेळ काढा. ‘सुशी गो’त (पाच जणांपर्यंत) प्रत्येक जण हातातला एक पत्ता ठेवतो आणि बाकीचे शेजाऱ्याला देतो. ‘६ निम्ट’ दहा जणांपर्यंत चालतो: १०४ पत्ते, प्रत्येकाला दहा, टेबलावर चार रांगा, आणि ज्याचा पत्ता रांगेत सहावा लागेल त्याने आधीचे पाच उचलायचे. ‘सेव्हन वंडर्स’ तीन ते सात जणांचा आहे आणि सातांतही फारसा लांबत नाही, तो याच कारणाने. तो दहा वर्षांखालच्यांना मात्र जड जातो.

सात-आठ जण असतील तर सगळ्यांना एकाच पटाभोवती बसवायचा हट्ट धरू नका. तीन-चार जणांची दोन टेबलं करा, दोन्हीकडे साधारण सारख्या वेळाचे खेळ मांडा आणि डाव संपला की माणसं बदला.

‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाच्या पानावर खेळलेल्या लोकांची मतं असतात: किती जणांत सगळ्यांत चांगला, कोणत्या वयापासून जमतो, आणि १ ते ५ या मापावर तो किती अवघड. लहानमोठे एकत्र असतील तर २ च्या खाली राहा. नवख्या मित्रांसोबत अडीचपर्यंत चालेल. तीनच्या वरचे खेळ ‘मला ते खेळायचंच आहे’ असं स्वतःहून म्हणणाऱ्यांपुरतेच काढावेत. एकूण गुणांच्या क्रमवारीकडे मात्र पाहू नका. ती मतं देणारे बहुतांशी मुरलेले खेळाडू असतात आणि त्यांना आवडणारे खेळ तीन-तीन तासांचे निघतात.

वय: छापलेल्या आकड्यापेक्षा हात आणि डोकं पाहा

वयाच्या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली सुरक्षितता. वर्तुळात ‘०–३’ आणि त्यावर तिरकी रेघ असेल तर आत गिळता येण्याजोगे तुकडे आहेत, हे गंभीरपणे घ्या. घरात रांगणारं बाळ असेल तर खेळ कितीही मोठ्यांचा असो, फासे आणि सोंगट्या डाव संपल्यावर मोजूनच आत ठेवा. लोहचुंबकाचे तुकडे आणि बटणासारखे सेल असलेले खेळ त्या घरात नकोतच. दुसरी गोष्ट कायदेशीर. युरोपात चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना वेगळे नियम आणि चाचण्या लागतात, त्यामुळे पुष्कळ प्रकाशक सरळ ‘१४+’ छापून मोकळे होतात. खेळ दहा वर्षांच्या पोराला सहज जमणारा असू शकतो. तिसरी गोष्ट खरी काठिण्यपातळी, आणि तिचा अंदाज आकड्यावरून येत नाही.

तो मुलाकडे पाहून येतो. सोंगटी चालवताना मूल उभं आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजतं का? मोजत असेल तर पटावर घरं मोजत जायचे खेळ अजून थोडे लवकर आहेत. रंगावरून पुढे जायचे खेळ घ्या. हातात पाच पत्ते पंख्यासारखे धरता येतात का? सहा वर्षांपर्यंत बहुतेकांना येत नाहीत, पत्ते सांडतात, उलटे होतात, आणि रडू त्यावरून येतं, हरण्यावरून नव्हे. पत्ते उभे राहतील अशी खाच असलेली लाकडी पट्टी द्या, किंवा केसांचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या दातांत पत्ते खोचा, फार छान उभे राहतात. गुपित ठेवता येतं का? चार-पाच वर्षांचं मूल आपला चांगला पत्ता आनंदाने सगळ्यांना दाखवतं. थापा मारायचे, कोण लांडगा ते लपवायचे खेळ आठाच्या पुढे.

तीन-चार वर्षांच्यांसाठी ‘फर्स्ट ऑर्चर्ड’सारखा खेळ: रंगाचा फासा, चार झाडं, प्रत्येकावर चार फळं, आणि कावळा येण्याआधी सगळी फळं उतरवायची. सगळे मिळून कावळ्याविरुद्ध, त्यामुळे एकटं कुणी हरत नाही. निर्णय एकच, तोही टोपली पडली तर: कोणतं फळ उचलायचं? ज्या झाडावर सगळ्यांत जास्त उरली आहेत त्यावरचं. हे मुलाला सांगू नका. पाच-सहा डावांनंतर ते स्वतःच सांगेल.

चार-पाच वर्षांना रचायचे खेळ उत्तम. ‘अ‍ॅनिमल अपॉन अ‍ॅनिमल’मध्ये लाकडी प्राणी एकमेकांवर रचायचे असतात, ‘रायनो हीरो’त पत्ते दुमडून त्यांचे मजले चढवायचे. इथे मोठ्यांना अनुभवाचा काही फायदा नाही, बोटं उलट जाडच पडतात. सोबतीला ‘हूट आउल हूट’: पत्ते सगळ्यांचे उघडे, ज्या रंगाचा पत्ता टाकला त्या रंगाच्या पुढच्या घरावर घुबड जातं, आणि सूर्य उगवण्याआधी सगळी घुबडं घरट्यात पोचवायची. तीन घुबडांपासून सुरू करा, मूल सरावलं की वाढवा.

जोड्या लावायचा खेळ घरात असेल तर सगळे पत्ते एकदम मांडू नका. चार वर्षांच्या मुलासाठी आठ ते दहा जोड्या, व्यवस्थित ओळींत. पत्ता उघडला की पुन्हा त्याच जागी ठेवायचा, हा नियम मोठ्यांनीच मोडलेला दिसतो.

पाच ते सात हा मधला टप्पा दुकानांत सगळ्यांत दुर्लक्षित. सापशिडीत निर्णय शून्य, फासा पडेल तसं जायचं. कटानमध्ये निर्णय फार. मधे बसतात ते ‘आउटफॉक्स्ड’ (मिळून चोर कोल्हा शोधायचा, खुणा जुळवून एकेक संशयित बाद करायचा), ‘डॉबल किड्स’ (३० पत्ते, प्रत्येकावर सहा प्राणी, दोन पत्त्यांतला समान प्राणी आधी ओळखायचा), ‘ड्रॅगोमिनो’ आणि ‘तिकीट टू राइड: फर्स्ट जर्नी’ (तिकिटावरची दोन शहरं रेल्वेमार्गाने जोडायची). या शेवटच्याचं विशेष असं की गुण मोजायचेच नाहीत, सहा तिकिटं आधी पूर्ण करेल तो जिंकला. मोठ्या ‘तिकीट टू राइड’मध्ये अपुरं राहिलेलं तिकीट गुणांतून वजा होतं, ही वजाबाकी सहा वर्षांच्या मुलाला शिक्षेसारखी वाटते.

आठपासून दारं उघडतात. ‘किंगडोमिनो’ पंधरा-वीस मिनिटांत होतो. ४८ जोडघरांच्या फरश्यांतून ५ बाय ५ चं राज्य जुळवायचं, आणि मोठ्या आकड्याची फरशी आता घेतली तर पुढच्या वेळी निवडायचा नंबर शेवटी लागतो. खेळणं सहा वर्षांच्यालाही जमतं. अडतं ते गुणांशी, कारण घरांची संख्या गुणिले मुकुट असा हिशेब आहे. तेवढं मोठ्यांनी मोठ्याने बोलून करावं. ‘क्वर्कल’ (१०८ ठोकळे, सहा आकार, सहा रंग) तर आजीआजोबांसह चालतो. ‘कारकसोन’ (चौकोन जोडून नकाशा वाढवायचा) पहिल्यांदा खेळताना शेतकऱ्यांचा नियम बाजूला ठेवा. रस्ते, शहरं, मठ एवढंच. शेताचे गुण शेवटी मोजतात आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

जर्मनीत ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार १९७९ पासून देतात. खोक्यावर त्याची सोंगटीची खूण असते आणि तिचा रंग फार उपयोगी पडतो. लाल म्हणजे कुटुंबासाठी, निळी म्हणजे लहान मुलांसाठी, गडद करडी म्हणजे थोड्या सरावलेल्यांसाठी. दुकानात काहीच सुचेना तर लाल किंवा निळी सोंगटी शोधा. कारकसोन (२००१), तिकीट टू राइड (२००४), किंगडोमिनो (२०१७), अझूल (२०१८) लाल खुणेचे, ड्रॅगोमिनो (२०२१) निळ्या खुणेचा.

वेळ

छापलेला वेळ नियम पाठ असलेल्यांचा असतो. पहिल्या डावाला त्यात निम्मा मिळवा, शिवाय मांडामांडीला दहा आणि समजावायला दहा-पंधरा मिनिटं. ‘६० मिनिटं’ म्हणजे पहिल्यांदा जवळपास दोन तास. लहान मुलांसोबत समजावणं पाच मिनिटांच्या वर गेलं तर तो खेळ त्या दिवसाचा नाही.

संध्याकाळ दोन तासांची असेल तर दोन तासांचा एक खेळ काढण्यापेक्षा वीस, चाळीस आणि पुन्हा वीस मिनिटांचे तीन काढा. उशिरा येणाऱ्यांना शिरायला जागा मिळते, एका डावात आपटलेल्याला दुसऱ्यात उठता येतं, आणि लहान भिडू झोपायला गेला तरी डाव अर्धवट राहत नाही. पहिला खेळ उभ्याउभ्याही समजेल असा हवा. ‘डॉबल’ त्याला चोख: ५५ पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रं, कोणत्याही दोन पत्त्यांत एकच चित्र समान, ते आधी ओरडायचं. मुलं मोठ्यांना सरळ हरवतात.

खोक्यावर न लिहिलेलं

खेळ घेण्याआधी नियमपुस्तिका वाचा. पुष्कळ प्रकाशक ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. सगळी नको, शेवटची दोन पानं पुरे. डाव कसा संपतो तिथे कळतं, आणि खेळ लांबणार की नाही ते त्यावरच असतं. ‘तिकीट टू राइड’मध्ये कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की प्रत्येकाला एक शेवटची पाळी: शेवट दिसतो, तो लांबवता येत नाही. ‘सुशी गो’ तीन फेऱ्यांचा. याउलट ‘शेवटचा एक उरेपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध. बाद झालेला भिडू पुढचा तासभर काय करणार?

मोनोपॉलीची बदनामी याच्यावरूनच आहे, पण तिच्यातला अर्धा दोष आपला. छापील नियमांत आलेली जागा घ्यायची नसेल तर तिचा लगेच लिलाव होतो आणि ‘फ्री पार्किंग’वर पैसे मिळत नाहीत. घरोघरी लिलाव गाळतात आणि दंडाचे पैसे मधे साठवून वाटतात. जागा विकल्या जायला वेळ लागतो, पैसा पुन्हा पुन्हा खेळात येतो, कुणी बुडत नाही, आणि डाव संपत नाही. छापील नियमांनी खेळा, शिवाय दीड तासाचा गजर लावा. गजर वाजला की मालमत्तेची बेरीज करून निकाल लावा.

मग पाहा, एकाला दुसऱ्याचं नुकसान मुद्दाम करता येतं का. ‘कटान’मधला चोर हा त्याचा नमुना. सात पडला की चोर हलवायचा, कुणाचं तरी उत्पन्न बंद करायचं आणि त्याचा एक पत्ता ओढायचा. दोन फाशांवर सात हा सगळ्यांत जास्त वेळा पडणारा आकडा आहे (३६ पैकी ६), म्हणजे हे दर डावात बऱ्याचदा होणार. मित्रांत ती मस्ती असते. नऊ वर्षांच्या पुतणीला ‘काका मलाच का?’ असं वाटतं. आधीच ठरवा: ज्याचे दोनच गुण आहेत त्याच्या जागेवर चोर बसवायचा नाही. पहिली घरं मांडतानाही लहानांना मदत हवी. घराशेजारच्या जागेचा आकडा फाशांवर पडला की माल मिळतो; ६ आणि ८ हे आकडे ३६ पैकी पाच-पाच वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. २ वर घर बांधलेला भिडू अर्धा डाव रिकाम्या हाताने बसतो आणि खेळालाच नावं ठेवतो. पहिल्या डावासाठी नियमपुस्तिकेत तयार मांडणी दिलेली असते, तीच वापरा.

रंगांचंही पाहा. लाल-हिरवा वेगळा न ओळखणारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात आणि ती सहसा सांगत नाहीत. रंगाबरोबर आकार किंवा खूण असलेला खेळ सुरक्षित. ‘तिकीट टू राइड’च्या पत्त्यांवर आणि मार्गांवर रंगाबरोबर चिन्हंही आहेत.

आणि टेबल मोजा, खरंच टेप लावून. पट मांडल्यावर चारही बाजूंना वीतभर जागा उरली पाहिजे, नाहीतर पत्ते मांडीवर आणि मांडीवरून जमिनीवर. ‘कारकसोन’ला पटच नाही; ७२ चौकोन कोणत्या दिशेला वाढतील ते सांगता येत नाही. पहिला चौकोन बरोबर मधे ठेवा. जमिनीवर बसणं सगळ्यांत उत्तम, लहानांनाही हात पोचतो.

कच्चा लिंबू नको, उघड सवलत द्या

लहानग्याला खेळात घ्यायचा आपला जुना मार्ग म्हणजे तो कच्चा लिंबू: खेळेल, पण बाद होणार नाही आणि धरलाही जाणार नाही. चार वर्षांपर्यंत हे चालतं. सहा वर्षांच्या मुलाला आपण लिंबूटिंबू आहोत हे कळतं आणि ते झोंबतं. मुद्दाम हरणं त्याहून वाईट, कारण ते पकडलं जातं आणि मग खरा विजयही खोटा वाटू लागतो.

त्याऐवजी डाव सुरू होण्याआधी, सगळ्यांदेखत सवलत ठरवा आणि मग मनापासून खेळा. रचायच्या खेळात मोठ्यांनी डावा हात वापरायचा. ‘डॉबल’मध्ये पत्ते संपवायचे असतील तर मोठ्यांनी तीन-चार पत्ते जास्त घेऊन सुरू करायचं. बुद्धिबळात वजीर काढून बसायचं. शब्दांच्या खेळात लहानांचे गुण दुप्पट, मोठ्यांना तीन अक्षरांहून लहान शब्द बंद. ‘तिकीट टू राइड’मध्ये मोठ्यांनी सुरुवातीची तिन्ही तिकिटं ठेवायचीच, लहानांना एक परत करायची मुभा. मूल सलग दोनदा जिंकलं की सवलत एक पायरी कमी करा, तेही सांगूनच. बहुतेक वेळा ‘आता मला नको’ असं तेच म्हणतं.

पाच वर्षांचं मूल मोठ्यांच्या खेळात बसायचा हट्ट धरत असेल तर त्याला कुणाचा तरी जोडीदार करा, पण खरं काम द्या: फासे तेच टाकणार, किंवा दोनपैकी एक पत्ता तेच निवडणार. नुसत्या सोंगट्या आवरायला दिल्या की दहा मिनिटांत पट हलतो.

मिळून खेळायचे खेळ आणि एकट्याची हुकूमत

सगळे एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, असे खेळ मिश्र वयाला फार सोयीचे. चिडका बिब्बा असेल त्या घरात तर सुरुवात इथूनच करावी. यांचा एक ठरलेला रोग आहे: ज्याला खेळ येतो तो सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. ‘तू इकडे जा, तू हे टाक.’ ‘पँडेमिक’मध्ये (जगभर पसरणाऱ्या साथी मिळून रोखायच्या) हे सर्रास होतं, कारण सगळी माहिती उघडी असते. नियम करा: ज्याची पाळी त्याने आधी आपला बेत बोलायचा, मग विचारलं तरच इतरांनी सल्ला द्यायचा. याने भागलं नाही तर जिथे सल्ला देताच येत नाही असा खेळ घ्या. ‘हानाबी’त आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, ते उलटे धरायचे, आणि इतरांनी मोजक्याच खुणा द्यायच्या. ‘द क्रू’मध्ये आपल्या पत्त्यांबद्दल बोलायला बंदी, हात करायचे खेळ माहीत असलेल्या मित्रांना तो लगेच चढतो.

पँडेमिक पहिल्यांदा साथीचे चार पत्ते घालून खेळा. पाच नेहमीचे, सहा कठीण. उत्साहात सहापासून सुरुवात करून वीस मिनिटांत हरलेली मंडळी तो खेळ पुन्हा उघडत नाहीत.

शब्दांचे खेळ मराठीत करून घ्या

‘कोडनेम्स’, ‘जस्ट वन’ यांचे पत्ते इंग्रजीत असले की टेबलावरची निम्मी माणसं गप्प होतात. चित्रांचा ‘कोडनेम्स’ मिळतो, ‘डिक्सिट’च्या ८४ पत्त्यांवर तर अक्षरच नाही. पण शब्दांची मजा हवी असेल तर कात्री आणि कागद घ्या.

‘कोडनेम्स’साठी शंभर चिठ्ठ्या करा. एकाहून जास्त अर्थांचे शब्द निवडा, खेळ त्यांच्यावरच चालतो: पान, हार, नाव, मान, कर, वर, पाट, माळ, तार, अंक, भाव, चूक, कोळी. चिठ्ठ्या एका मापाच्या आणि अक्षरं ठळक. पंचवीस चिठ्ठ्या पाच बाय पाच मांडा. दोन्ही संकेतदात्यांसाठी तसाच चौकोन कागदावर काढा आणि त्यात ९ घरं सुरुवात करणाऱ्या गटाची, ८ दुसऱ्याची, ७ कोरी आणि १ मारेकऱ्याचं (ते निवडणारा गट तिथेच हरतो), अशी इकडे तिकडे विखरून भरा. संकेत एक शब्द आणि एक आकडा: ‘नदी, २’ म्हटलं की पाट आणि नाव. गटाला त्या आकड्याहून एक जास्त अंदाज करता येतो. मागच्या वेळी हुकलेला शब्द घ्यायला ती जागा.

‘जस्ट वन’मध्ये एक जण ओळखणार, बाकीचे प्रत्येकी एक शब्द गुपचूप लिहिणार, आणि दोघांनी सारखाच लिहिला तर दोन्ही पुसायचे. मराठीत इथे आधी ठरवून घ्यावं लागतं की ‘पाऊस’ आणि ‘पावसाळा’ सारखे धरायचे का. धरावेत, एकाच शब्दाची रूपं एकच. नाहीतर प्रत्येक फेरीत व्याकरणाचा तास होतो. फक्त तिघं असाल तर लिहिणाऱ्यांनी दोन-दोन शब्द लिहावेत. नीट लिहिता न येणाऱ्या लहानग्याने कानात सांगावं, शेजाऱ्याने लिहावं.

समजावण्याचा क्रम

नियमपुस्तिका टेबलावर मोठ्याने वाचून दाखवणं हा खेळ मारायचा खात्रीचा उपाय. ज्याने खेळ आणला त्याने आदल्या दिवशी एकट्याने दोन बाजूंनी एक डाव खेळून पाहावा. मग सांगताना आधी: आपण कोण आहोत आणि जिंकायचं कसं. मग डाव कधी संपतो. मग एका पाळीत काय काय करता येतं, ते प्रत्यक्ष करून दाखवत. अपवाद आले की तेव्हा. पहिली फेरी सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळा आणि वाटलं तर ती रद्द धरा. गुणांचा तक्ता सुरुवातीला सांगू नका, पण एखादी गोष्ट शेवटी गुण कापणारी असेल तर ती मात्र आधीच सांगा.

सोंगटीला हात लावला की चाल बदलायची नाही, हा कडकपणा पहिल्या डावात नको. ‘पुढच्याने सोंगटी हलवेपर्यंत बदलता येईल’ एवढं पुरे.

मधेच कुणी रडकुंडीला आलं तर डाव थांबवून तोडगा काढत बसू नका. ‘आणखी दोन फेऱ्या आणि मग मोजू’ असं जाहीर करा. शेवट दिसला की बहुतेक रडीचे डाव शांत होतात. एखादा खेळ सगळ्यांनाच रेंगाळल्यासारखा वाटत असेल तर मोडून दुसरा काढा.

खोकं घरी आल्यावर

उघडल्या दिवशी नियमपुस्तिकेतल्या यादीशी सगळं मोजून घ्या. कमी असेल तर प्रकाशकाला लगेच कळवा, बरेच जण सुटा भाग पाठवतात. पुठ्ठ्याचे तुकडे ओढून काढू नका, मागून अंगठ्याने दाबा, नाहीतर वरचं छापील कातडं सोलून येतं. प्रत्येक रंगाच्या सोंगट्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या की मांडामांड निम्म्या वेळात होते, आणि पहिल्यांदा नीट भरलेल्या खोक्याचा फोटो काढून ठेवा.

वापरलेला खेळ घेताना आधी पत्ते मोजा, मग सोंगट्या. सोंगटी हरवली तर बटण चालतं. पत्ता हरवला किंवा एकाचा कोपरा दुमडला तर लपवाछपवीचा खेळ संपला, कारण तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो. मुलं खेळणार असतील तर पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घाला. नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं, पण पुष्कळ खेळांत याहून लहान पत्ते येतात, म्हणून पाकिटं मागवण्याआधी पट्टीने मोजा. पाकिटं घातल्यावर गड्डी जाड होते आणि आतल्या खाचेत बसेनाशी होते. तेव्हा आतला पुठ्ठ्याचा साचा काढून टाका आणि सगळं पिशव्यांत भरा.